फुटाला एक सूत

या, अंमळ जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्या मंडळींनीही पुढे यावं, कारण गोष्ट एका सुताची आहे आणि सूत लांबून दिसत नाही. शिवायचं सूत नव्हे हो. कारागिराचं सूत, इंचाचा आठवा हिस्सा. एवढ्याशा सुताला धरून एका भल्या माणसाचा संशय कुठवर चढला आणि उतरेपर्यंत काय मोडून गेलं, ते ऐका.

एक फाउंड्री होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, निवलं की पंपाचा भाग हातात. पण वाळूला आकार कळावा कसा? म्हणून आधी लाकडाचा नमुना घडवतात आणि वाळूत दाबून अलगद काढून घेतात; मागे उरते ती त्याची पोकळी. या नमुन्याला म्हणायचं पॅटर्न, आणि तो घडवणारे आपले मिस्त्री. चाळीस वर्षं एकच बाक, एकच रंधा, आणि बाकाखाली एक कुलूपबंद पेटी. किल्ली कायम कमरेला. आंघोळीलासुद्धा सुटत नाही, असं त्यांची बायको सांगे.

पेटीत काय, ते तुम्हाला सांगून टाकतो. एक पोलादी पट्टी. मिस्त्रींना हाताला धरून शिकवलं त्या थोरल्या मिस्त्रींची. दिसायला साधी, पण तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. लोखंड निवताना फुटामागे साधारण तेवढंच आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा लागतो. या पट्टीवर बारा इंच मोजा, बारा कापा, हिशेब आपोआप जुळतो. थोरले म्हणायचे, "पट्टी थोडं खोटं बोलते, म्हणून माल खरा उतरतो." पूर्वी प्रत्येक पॅटर्नमेकरकडे अशी पट्टी असे. आता त्या कारखान्यात दुसरा पॅटर्नमेकरच उरला नव्हता.

अशात कारखान्यात नवं वारं शिरलं. भट्टीला डबे चिकटले. ते मिनिटामिनिटाची उष्णता भिंतीवरच्या पडद्यावर टाकू लागले. पॅटर्नच्या खोलीत काचेच्या कपाटासारखं एक यंत्र आलं. त्याचं नाक इकडून तिकडे फिरायचं, प्लास्टिकची तार वितळवत थरावर थर चढवायचं, आणि बघता बघता वस्तू उभी. शिकवायला एक तरुण मॅडम आल्या. दोन दिवसांत सगळे त्यांना थरवाली म्हणू लागले.

मिस्त्रींना ते यंत्र पहिल्या दिवसापासून खटकलं. "आम्ही लाकूड काढून काढून वस्तू करतो," ते शेजारी वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डरला म्हणाले. "हे नुसतं चढवत जातंय. कुठून तरी काढल्याशिवाय कुठं काही चढतं का? कुणाचं तरी काढणारच हे."

दुपारी दोनला कँटीनमध्ये वर्ग भरे. मिस्त्री शेवटच्या बाकावर. बाकीचे थरवाली काय शिकवते ते वहीत उतरवत. मिस्त्री ती काय विचारते तेवढंच उतरवत. चार दिवसांत दोन पानं भरली. कुठलं लाकूड वापरता? वाळूतून सुटावा म्हणून कडांना उतार किती ठेवता? पेटीत काय असतं? या शेवटच्या प्रश्नाखाली मिस्त्रींनी दोनदा रेघ मारली.

पाचव्या दिवशी तिने पंपाच्या झाकणाचा पॅटर्न टेबलावर ठेवून त्याच्यावरून प्रकाशाची पट्टी फिरवली. लाकडाचा आकार जसाच्या तसा संगणकात गेला. मग ती वळली.

"मामा, लोखंड आकसतं, तेवढी वाढ यात आधीच धरलीय का? नसेल तर यंत्र धरेल."

मिस्त्रींचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. हिला 'हो' सांगितलं की ही विचारणार, वाढ कशी धरता. ते सांगितलं की पट्टी जाणार, आणि पट्टी गेली की मिस्त्री हवेत कशाला?

"आम्ही नाही वाढवत-बिढवत," ते म्हणाले. "बारा म्हणजे बारा. रजिस्टर बघा."

रजिस्टरमध्ये त्यांच्याच अक्षरात बारा होतं. बघा मंडळी, जिभेला खरं आणि मनाला खोटं! वाढ त्यांनी कधीच धरली नव्हती. धरायची ती पट्टी. यंत्र बिचारं सांगाल ते शिकतं. ते 'नाही' शिकलं आणि लाकडातल्या वाढीवर आपली वाढ चढवून मोकळं झालं.

यंत्राच्या पॅटर्नवरून पहिलं झाकण ओतलं. पंपावर ठेवलं तर चहूकडून कडा बाहेर आणि बोल्टाची भोकं एकमेकांकडे बघेनात.

"बघा तुमचं थर-थर!" मिस्त्री मोठ्याने म्हणाले. पण वाढ दोनदा कशी चढली, ते एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

थरवालीने शेल्फवरचे सगळे पॅटर्न मोजले. प्रत्येक पॅटर्न रजिस्टरपेक्षा मोठा. पडद्यावर नुसती लाल ओळ. नवे साहेब दुसऱ्या धंद्यातून आलेले, ते पडद्याकडे बघून म्हणाले, "रजिस्टरमध्ये एक, लाकडात दुसरं. मिस्त्री, नजर गेलीय की नियत?"

"पण साहेब, यांची झाकणं इतकी वर्षं बसत आलीयत," थरवाली म्हणाली.

"घासून बसवत असतील. उद्या सकाळपासून सगळे मोडायला घ्या. नवे ड्रॉइंगवरून करा."

चाळीस वर्षांचं काम, त्यातलं निम्मं थोरल्यांच्या देखरेखीखालचं. मिस्त्री घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"तोंड का असं, उलटा रंधा मारल्यासारखं?" बायकोने विचारलं.

"ती थरवाली पेटीच्या मागे लागलीय."

"मग दाखवा की पेटी. आत काय माझ्या सवतीची पत्रं आहेत?"

"तुला नाही कळायचं. सगळा डाव आहे. आधी पट्टी घेतील, मग मला घरी बसवतील."

"आणि नाही दाखवली तर काय, डोक्यावर बसवणार आहेत? सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच तुम्हाला! मी माहेरी चिठ्ठी लिहिली तरी विचारायचात, दोन पानं कशाला लागली." तिने ताट पुढे सरकवलं. "थोरल्यांनी पेटीला कुलूप घातलं होतं का हो?"

मिस्त्रींना आठवेना. मग आठवलं. थोरल्यांना पेटीच नव्हती. पट्टी बाकावर उघडी पडलेली असे.

सकाळी ते पोचले तेव्हा आवारातून घणाचे आवाज येत होते. आणि पॅटर्नच्या खोलीत थरवाली त्यांच्या बाकापाशी गुडघ्यांवर बसलेली, पेटीच्या अगदी शेजारी.

"सापडलात!" मिस्त्री ओरडले. "कुलूप उघडताय?"

ती दचकली, पण उठली नाही. तिची स्वतःची पट्टी बाकाच्या कडेला लावलेली होती. तिथे मिस्त्रींच्या पेन्सिलीच्या जुन्या खुणा होत्या. "मामा, तुमचा बारा माझ्या बाराच्या पुढं जातो. प्रत्येक खेपेला तेवढाच. चुकणारा माणूस इतका नेमका चुकत नाही. तुम्ही मोजता तरी कशानं?"

बाहेर घण पडला. लाकूड चिरल्याचा आवाज मिस्त्रींना ओळखीचा वाटला, सागाचं होतं.

त्यांनी किल्ली काढली. कुलूप उघडलं. पट्टी तिच्या पट्टीशेजारी ठेवली. शून्याला शून्य लावलं. बाराला बारा मिळेना. मधे एक सूत.

थरवालीने मधल्या सुतावर बोट ठेवलं. "म्हणजे वाढ पट्टीतच आहे! मामा, मी विचारलं तेव्हा…"

"तेव्हा मी लबाडी केली," मिस्त्री म्हणाले. "आधी घण थांबवा. मग काय बोलायचं ते बोला."

ती धावत सुटली. साहेबांना दोन्ही पट्ट्या दाखवाव्या लागल्या, त्याही दोनदा. घण थांबला तोवर अकरा पॅटर्न मोडले होते. त्यात मिस्त्रींनी घडवलेला पहिला होता. त्याचे तुकडे त्यांनी स्वतः गोळा केले. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या खेपेला यंत्राने आपली वाढ न चढवता पॅटर्न केला आणि त्यावरून दुसरं झाकण ओतलं. ते बसलं. मिस्त्रींनी तरी ते दोन्ही पट्ट्यांनी मोजलं, वरून नखाने कड चाचपली. संशय असा एका दिवसात जातो होय! आता ते वर्गात पहिल्या बाकावर बसतात, पण यंत्र चालू असलं की थर मोजत उभे राहतात.

थरवालीने संगणकाच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला: 'कोणत्या पट्टीने मोजलं?' तिने विचारलं, "मामा, इथं तुमचं नाव घालू?"

"माझं नको. मी कुलूप घातलं होतं," मिस्त्री म्हणाले. "थोरल्या मिस्त्रींची पट्टी, असं घाला."

तेव्हा मंडळी, घरी जाल, नळाला पाणी येईल, कुठेतरी एखादा पंप न गळता चालत असेल. त्याचं झाकण नीट बसलेलं असेल, तर पट्टी उघड्या बाकावर ठेवून गेलेल्या त्या थोरल्या मिस्त्रींची क्षणभर आठवण काढा.