उलटा ठेवलेला पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. तुम्ही परीक्षेला नेता तसलाच, वर पत्र्याचा चिमटा असलेला. माझे कोपरे फुगले आहेत, चिमटा गंजला आहे. त्याचे काही नाही, वय झाले. पण माझ्या छातीवर कागद ठेवून माणसांनी जे न ऐकताच लिहिले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म तुर्भ्याच्या एका लहानशा कारखान्यातला. शाळेत जावे, कुणाच्या तरी गणिताला आधार द्यावा, एवढीच माझी हौस. नेले मात्र एका पाहणी कार्यालयात. १९८१ साल होते. नव्या शहराच्या पोटात सापडलेल्या जुन्या गावांची पाहणी चालू होती.

माझा पहिला धनी बंडू. दिवसाला चाळीस घरे उरकतो म्हणून साहेब, म्हणजे रावसाहेब, त्याची पाठ थोपटत. कशी उरकायचा ते मला विचारा! उंबऱ्याबाहेर उभा, पायात चपला, डोळे माझ्यावर. "नळ आहे ना?" "हाय." खूण. "पाणी पुरतं ना?" "पुरतं." खूण. अरे, प्रश्नातच उत्तर कोंबलेस, तर समोरचा बोलणार काय? दाराआड बायका उभ्या असत. पाणी भरणाऱ्या त्याच. त्यांना त्याने कधी विचारलेच नाही.

आणि त्या खुणांवरून ठरले की घरोघर नळ आहेत, तेव्हा गावची विहीर बुजवायची आणि तिथे ट्रक उभे करायचे.

बंडूची बदली झाली आणि मी सुमेधाताईंच्या हाती आलो. सहा महिन्यांची मुलगी वाशीला शेजारणीकडे ठेवून त्या यायच्या. सारखे घड्याळाकडे लक्ष. राहिलेली दहा घरे संपवायची, एवढेच त्यांचे काम.

शेवटचे घर देवजीचे. ओटीवर तो, आत त्याची बायको पुतळाबाई, मांडीवर तान्ही नात.

"नळ आहे ना?" ताईंनीही तेच विचारले.

"हाय हाय, सगलं हाय. लिवा!" देवजी म्हणाला.

खूण झाली. मग ताईंची नजर बाळावर गेली. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. दाराशी भरलेला हंडा आणि त्यावर विहिरीचा दोर, ओला. पेन थांबले. नळ आहे, तर दोर ओला कसा?

ताईंनी चपला काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसल्या, आणि माझ्या जन्मात कुणी केले नव्हते ते केले. मला उलटा करून बाजूला ठेवले.

"काकू, काल सकाळपासून काय काय झालं ते सांगा. मला घाई नाही."

घाई होती, मित्रांनो! पण एवढे बोलून त्या वाट पाहत राहिल्या. पुतळाबाई बाळाला थोपटत राहिल्या. आता ताई दुसरा प्रश्न टाकणार, असे मला वाटले. चुलीवरचा चहा उकळून वर आला, तरी नाही टाकला.

शेवटी पुतळाबाईच बोलल्या. "काल काय नि आज काय. नलाला पानी येतंय दुपारी, करंगलीएवरं, लाल. ते पाजलं नि पोरीला ढाळ लागलं. सून कंपनीत. परवापासून बावीचंच पाजते मी."

बाव म्हणजे तीच विहीर.

"नळाचं लाल येतं, म्हणून बावीचं पाजता. बरोबर समजले ना मी?"

"बरोबर. नि तीच बुजवनार म्हनं! मंग काय पाजू हिला?"

"हे याआधी कुणी विचारलं होतं?"

देवजी हसला. "शेजारी आला तो मान खाली घालून लिवत व्हता, त्याला कोन काय सांगनार? नि नाय बोललो तर हाय तो नलबी काढून नेतील. आमची जमीन नेली तवाबी असाच पुठ्ठा व्हता, बाय."

उलटा पडलो होतो म्हणून बरे. तोंड दाखवायला जागा नव्हती.

मग ताईंनी विचारून सगळे लिहिले आणि वाचून दाखवले. पुतळाबाईंनी चूक काढली, "करंगली नको, सुतली लिवा. खरं त्ये लिवा." ताईंनी खोडून 'सुतळी' लिहिले, बाळाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे ते दाखवले, आणि दुसऱ्या दिवसापासून बंडूची सगळी घरे पहिल्यापासून धरली.

"बाई, दिवसाला दोन घरं? गप्पा मारायला पाठवलंय का?" रावसाहेब कडाडले.

"ऐकायला पाठवलंय असं वाटलं होतं, साहेब."

रावसाहेबांनी कागद ओढले. घरोघर तेच लाल पाणी. शेवटी विहीर बुजवण्याचा शेरा त्यांनी स्वतःच खोडला. विहीर राहिली.

मी मात्र कपाटात गेलो. सात वर्षे धूळ खाल्ली. काल दिलीप नावाच्या नव्या माणसाने मला ओढून काढले आणि त्याच गावात, त्याच दारात नेले. कागद नवा, छपाई सुबक, आणि पहिला प्रश्न? "नळ आहे ना?" संतापाने माझा चिमटा थरथरला. मित्रांनो, हातात लिहायला काही आले की माणसांचे कान का बंद होतात?

"हाय," पुतळाबाई म्हणाल्या.

दिलीपने पेन टेकवले. तोच आतून सात वर्षांची एक मुलगी बाहेर आली. हातात विहिरीचा ओला दोर.

"दादा, तो पुठ्ठा उलटा ठेवा ना," ती म्हणाली. "त्याबिगर आजी खरं नाय बोलत."