काळी पडलेली ईसीजीची पट्टी

मी ईसीजीची पट्टी बोलतेय. चेहरा काळाठिक्कर पडलाय म्हणून दचकू नका. जन्मले तेव्हा गुलाबी चौकड्यांची, चांगली देखणी होते.

दोन वर्षांपूर्वी शहागंजातल्या एका दवाखान्यात मी मशीनमधून सरसर बाहेर आले. टेबलावर कडुबा पडले होते, चिकलठाण्यातल्या कारखान्याचे वायरमन. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेलेला. त्यांचे ठोके मी अंगावर घेतले, बारीक आणि टोकदार. डॉक्टर मेघा मॅडमनी माझ्या चौकड्या मोजून सांगितलं, "हृदयात वीज पसरायला दोन बारीक घरं लागताहेत. ठीक आहे." कडुबांनी लगेच खिशातला पेन काढून माझ्या पाठीवर तारखेसकट ते लिहिलं. पॅनल उघडायच्या आधी रीडिंग लिहायचं, ही त्यांची तीस वर्षांची खोड!

त्यांची लेक करुणा मला जिवापाड जपायची. गेल्या महिन्यात तिला वाटलं, फाटली तर? नेलं मला लॅमिनेशनला. माणसांना जपायचं म्हटलं की प्लॅस्टिकच आठवतं. माझ्या कागदावर उष्णतेनंच काळं उमटतं. गरम रोलरमधून निघाले ती अशी. करुणा दुकानातच रडली, आणि तिनं मला गुपचूप फाइलमध्ये ठेवून दिलं.

आज कडुबांना जिना चढवेना, पाय सुजलेले, म्हणून करुणानं त्यांना पुन्हा त्याच दवाखान्यात आणलं. नव्या पट्टीवर ठोका चार घरं रुंद.

"जुनी पट्टी दाखवा," मेघा मॅडम म्हणाल्या. "थकलेलं हृदय फुगतं, भिंती ताणतात. जुन्या झटक्याचा डागही मध्ये येतो. मग डावीकडची वीज वळसा घालून उशिरा पोचते. हे आधीपासून असेल तर गोळ्या बदलून घरी जाल. नवं असेल तर आजच मोठ्या दवाखान्यात भरती."

करुणानं मला बाहेर काढलं. "मॅडम, मीच वाटोळं केलं ओ. चांगलं करायला गेले अन्..." मला सगळं ठाऊक होतं, पण काळ्या तोंडानं सांगणार काय?

"रडू नको बाई," कडुबा धापा टाकत म्हणाले. "उलटी कर तिला."

माझी पाठ पांढरीच होती. तिच्यावर तारीख, आणि खाली 'दोन घरं'.

मॅडमनी एकदा मला पाहिलं, एकदा नव्या पट्टीला.

"म्हंजी फॉल्ट नवा हाय," कडुबाच म्हणाले.

"हो. हृदयाच्या दोन्ही बाजूंना एकदम ठोका देणारं यंत्र बसवावं लागेल, असं दिसतंय." मॅडमनी मोठ्या दवाखान्याला फोन लावला.

आता मी ॲम्ब्युलन्समध्ये, करुणाच्या मांडीवर आहे. नव्या पट्टीचे तिनं तीन फोटो काढलेत. तुमच्या कपाटात माझी कुणी बहीण असेल, तर तिचीही आजच झेरॉक्स काढा. आम्हाला ऊन सोसत नाही, इस्त्री तर नाहीच नाही.

करुणानं वडिलांच्या खिशातला पेन घेतला. नव्या पट्टीच्या पाठीवर तारीख घातली, 'चार घरं' लिहिलं.

"खाली जागा सोड," कडुबा म्हणाले. "यंत्र बसल्यावरचं बी लिहायचंय."