न दिसणारी क्लिप

पोरगी हसायची बंद झाली त्याला दीड वर्ष उलटून गेलं, तरी घराबाहेर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे हसण्याचा आवाज यायचा. नाकातल्या नाकात, फुसफुस, उंदीर पळाल्यासारखा. बाप म्हणायचा, "हसतेय की! तुझं आपलं काहीतरीच." बापाला तेवढं पुरत होतं. आईला पुरत नव्हतं. कारण ही पोरगी पूर्वी हसायची ती कशी? आधी मान मागे जायची, मग खांदे गदगदायचे, आणि मग असा खिदळाट सुटायचा की शेजारीण मधल्या भिंतीवर थाप मारून ओरडायची, "काय झालं गं, आम्हालाही सांगा!" ते हसू कुठे गेलं? घरात चोरी झाली असती तर चार माणसं चौकशीला आली असती. हसू गेलं तर कुणी येत नाही.

आता पोरगी हसू आलं की डावा हात तोंडावर ठेवायची. जेवताना उजवा हात घासाला आणि डावा पहाऱ्याला.

आईचा सगळा जन्म दातांत गेलेला. बाजारामागच्या गल्लीत, काचांना पांढरा रंग फासलेल्या एका लांबट खोलीत, ती एकोणीस वर्षं कवळ्या बनवत होती. दवाखान्यांतून तोंडांची मापं यायची. त्यांत प्लास्टर ओतायचं, जबडा काढायचा, गुलाबी मेण तापवून त्यात एकेक दात रोवायचा. पाकिटावर नाव नाही, नुसता नंबर. चौदा दात वर, चौदा खाली, की झालं एक तोंड. जगाला चावायला आणि हसायला दात पुरवणारी ही बाई, आणि तिच्याच घरात पोरगी ओठ शिवून बसलेली.

पोरीचे पटाशीचे दात पुढे होते. वरचा डावा सुळा पाठ फिरवून उभा. सातव्या वर्षी दुधाचे पडून नवे आले तेव्हा ते दोनच दात त्या एवढ्याशा तोंडात असे काही गोड दिसले की आईने तिला उचलून घेतलं आणि म्हणाली, "खारूताई गं माझी!" तेव्हापासून ती खारू. बापालाही खारू, शेजारणीलाही खारू. शाळेतलं नाव वहीवर लिहिण्यापुरतं उरलं.

मग यंदा वर्गाच्या फोटोचा दिवस आला. फोटोवाला कॅमेऱ्यामागून ओरडला, "ए, मागच्या रांगेतली, दात आत घे!" चाळीस पोरं हसली. पोरांचं सोडा, पोरं दुष्टच असतात, त्यांना अजून अक्कल यायची असते. पण वर्गाच्या बाईही हसल्या. त्या बाईंना कुणी चार शब्द सुनवायला हवे होते, पण असल्यांना कुणी सुनवत नाही, म्हणून तर त्या तशा राहतात. फोटोत चाळीस पोरांचे दात दिसत होते आणि एकीचा नुसता डोक्यावरचा भांग. ऐन वेळेला तिने मान खाली घातली होती.

फोटो घरी आला त्या संध्याकाळी पोरगी म्हणाली, "आई, मला दात नीट करायचेत. पण क्लिपा कुणाला दिसता कामा नयेत."

आईचा जीव सुपाएवढा झाला. दात नीट होणार, म्हणजे हात खाली येणार, म्हणजे हसू परत येणार. एवढा सरळ हिशोब तिने केला. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर प्लास्टिकचे चार जबडे मांडले. पहिल्यावर स्टीलच्या क्लिपा आणि तार. दुसऱ्यावर दाताच्या रंगाच्या क्लिपा, लांबून पटकन न कळणाऱ्या, पण ठिसूळ. तिसऱ्यावर क्लिपा दातांच्या मागच्या अंगाला, म्हणजे जगाला दिसत नाहीत, पण जीभ सोलवटते आणि पहिले काही महिने बोलताना शब्द अडखळतात. चौथ्यावर काहीच नाही असं वाटत होतं. नीट बघितल्यावर कळायचं की दातांवर काचेसारखा पातळ साचा चढवलाय. दर पंधरवड्याला नवा साचा, जेवताना काढायचा, बाकी बावीस तास तोंडात.

पोरगी खुर्चीत आडवी पडलेली. तपासणीपुरतं दातांचं माप आधीच घेऊन झालं होतं. फोटो काढण्यासाठी तिच्या ओठांत प्लास्टिकचा आकडा अडकवला होता, दोन्हीकडून गाल ताणून धरणारा. वर दिवा. सगळं तोंड उघडं. आईने वाकून आत पाहिलं आणि तिथेच चुकली. कारण तिने पोरीकडे पाहिलं ते कामावर पाहते तसं.

"सुळा बराच फिरलाय," आई म्हणाली.

"हो ना. आणि पटाशीचे चारही बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही यातल्याच."

"साच्याने फिरेल हा?"

"पूर्ण नाही फिरणार. गोल मुळाचा दात, साच्याची पकड बसत नाही. तारेने फिरेल."

"मग तारच लावा. स्टीलची. दोन वर्षांत काम फत्ते."

"अँ," पोरगी म्हणाली.

"खालचे जरा दाटीवाटीत आहेत, नाही?" आईचं चालूच.

"अँ! अँ!"

"थांब गं, बोलतोय ना आम्ही," आई म्हणाली.

पोरीने दोन्ही हातांनी तो आकडा उपसून काढला. ओठाच्या कोपऱ्यावर लाल वळ उठला होता. "माझ्या तोंडात उभं राहून दोघी बोलताय," ती म्हणाली. "मी आहे ना इथे! मला ती चौथी पाहिजे. न दिसणारी."

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. बाई वाईट नव्हती, घाईत होती. "चौथीनेही होईल," त्या म्हणाल्या, "पण वेळ जास्त लागेल, आणि तो सुळा थोडा तिरका राहील. शिवाय बावीस तास म्हणजे बावीस तास. कंटाळून काढून ठेवलीस तर दात जागचे हलणार नाहीत. घरी बोला, शनिवारी या."

जाताना त्यांनी पोरीच्या दातांचा प्लास्टरचा जबडा आईच्या हातात दिला. एक जास्तीचा निघाला होता.

घरी येईपर्यंत आईचं तोंड थांबेना. अगं खारू, दोन वर्षं म्हणजे काय, चुटकीसरशी जातात. अगं, एकदा करायचं ते नीट करावं. लोकांचं काय, लोक आठ दिवस बघतात आणि विसरतात. पोरगी खिडकीबाहेर बघत राहिली. बस थांबली, उतरली, जिना चढली, खोलीचं दार लावलं.

मग आईने ते केलं, जे फक्त तीच करू शकत होती. पोरीला शब्दांत पटत नाही ना, मग डोळ्यांना दाखवू. कामावर जेवणाच्या सुट्टीत तिने तो जबडा पुढ्यात घेतला. बारीक करवतीने एकेक दात कापून सुटा केला, मुळाशी घासला, मेणाच्या पट्टीत सरळ रोवायला घेतला. तीन दिवस ती जेवली नाही, अशी झपाटली होती. मग सुळा फिरवला. तिला वाटलं, प्लास्टरमधूनच तो खिदळाट ऐकू येईल आता. दात रोवावा, डोळा बारीक करून बघावा, मेणाची सुरी तापवून केसभर सरकवावा, परत बघावा. शेजारच्या मेजावर पॉलिश करणाऱ्या काकू चष्म्यावरून बघत होत्या.

"कुणाचं गं?"

"माझ्या पोरीचं."

"असं होय," काकू म्हणाल्या. पुढे त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मशीनचा आवाज सुरू झाला आणि ते राहिलं.

संध्याकाळी आईने तो जबडा स्वच्छ रुमालावर, जेवणाच्या टेबलावर मांडला. आधी बाप आला. हातपाय धुऊन पुसत पुसत वाकला आणि म्हणाला, "हे काय, काम घरी आणायला लागलीस? कुठल्या म्हातारीची कवळी ही?"

आईने पाहिलं. खरंच होतं. एकोणीस वर्षं तिच्या हातांनी एकच गोष्ट केली होती: सगळे दात सारख्या उंचीचे, सारख्या कलाचे, आज्ञाधारक पोरांसारखे रांगेत. चौदा वर्षांच्या पोरीचे दात घेऊन तिने सत्तरीतल्या बाईचं तोंड केलं होतं. हात सवयीचे गुलाम. डोक्याला विचारतात कुठे?

पोरगी दारात उभी होती.

"माझी आहे ती कवळी," ती बापाला म्हणाली. मग आईला, "अशी हवी होते का मी तुला?"

"नाही गं खारू, मी आपलं तुला दाखवायला, की सरळ झाल्यावर..."

"खारू म्हणू नकोस."

"बरं, नाही म्हणत. चिडतेस काय?"

"सातवीत वाढदिवसाला वर्गातल्या मुली घरी आल्या होत्या," पोरगी म्हणाली. आवाज अगदी सपाट. "तू दारातून हाक मारलीस, खारू, केक कापायला ये. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला माहीत. आता माझ्या बाकावर रोज शेंगदाणे असतात. कंपासपेटीत असतात. मागून चक् चक् असा आवाज काढतात. त्यात तू म्हणतेस, स्टीलच्या क्लिपा लाव. म्हणजे खारीच्या तोंडाला पिंजरा. दोन वर्षं. चुटकीसरशी."

बापाने टॉवेल खुर्चीवर टाकला, परत उचलला.

"आम्हाला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"तुम्हीच तर खारू म्हणायचात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ असं म्हणतात ते उगाच नाही. फोटोवाल्याला शिव्या देता आल्या, बाईंना देता आल्या. आता देणार कुणाला? जगाने त्या दातांना नाव ठेवलं ते नंतर. आधी आईने ठेवलं होतं, मांडीवर घेऊन, मुका घेऊन. प्रेमाने ठेवलेलं नावही टोचतं, हे तिला चौदा वर्षं पोर वाढवून कळलं नव्हतं, आणि कवळ्या बनवून तर अजिबातच नाही. तिला वाटत होतं आपण त्या हसण्यासाठी झुरतोय. त्या हसण्यावर पहिला हात आपलाच पडलाय, हे आज कळत होतं.

तिने जबडा टेबलावरून उचलला आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला उठवायला ती खोलीच्या दाराशी गेली आणि हाकच सापडेना. शेवटी शाळेतलं नाव घेऊन हाक मारली. पलीकडे बाप दचकून उठून बसला, "कोण आलंय गं?" आत पोरगी जागीच होती. "उठलेय," म्हणाली. आई तरीही तिथेच उभी. सात वर्षं जी हाक जिभेवर बसली होती ती गिळायची म्हणजे काय, हे ज्याने गिळली त्यालाच ठाऊक. बोलावं तर कुणाला? आणि तक्रार तरी कसली? शनिवारपर्यंत ती घरात "ए", "अगं", "ऐक ना" यांवर भागवत राहिली. खोटे दात बसवल्यावर माणूस जसं आधी जपून जपून बोलतं, तसं.

शनिवारी दवाखान्यात नंबर पुकारला. आई सवयीने उठली. पोरीने तिच्याकडे पाहिलं.

"तू जा," आई म्हणाली. "मी आहे इथे."

"नक्की?"

"जा गं."

दार बंद झालं. दवाखान्यातल्या खुर्च्या प्लास्टिकच्या, एकमेकींना जोडलेल्या. शेजारी कुणी हललं की आपणही हलायचं. आई हलत बसली. भिंतीवरच्या चित्रातल्या बाईचे दात इतके सारखे होते की तिला स्वतःचाच राग आला. आत पाण्याचा आवाज, भांड्यात मापाचा लगदा घोटल्याचा आवाज. तो आवाज ती झोपेतही ओळखील. साच्यासाठी नवं माप घेणारी मुलगी काहीतरी बोलत होती. "तोंड उघड, अजून, अगं अजून, मी आत राहायला येत नाहीये!"

आणि मग ते आलं.

आधी एक उसासा, मग घशातला तो धक्का, आणि मग खिदळाट. पूर्ण, उघडा, मान मागे टाकून केलेला. तोंडात लगदा असताना हसल्यामुळे मध्येच गुळगुळ आवाज होत होता, पण तेच होतं, तेच. दीड वर्षाने. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "अगं, हसू नको, माप बिघडेल!" आणि पोरगी आणखीच हसत होती. बाहेर बसलेल्या एका म्हातारबुवांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं आणि कारण नसताना तेही हसले.

आई उठली. दोन पावलांत दाराशी पोचली. हात कडीवर गेला. नुसतं बघायचं होतं. एकदाच, तोंड उघडं, हात मांडीवर. दीड वर्ष तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. ना देवाकडे, ना माणसाकडे.

दार उघडलं असतं तर काय झालं असतं ते तिला माहीत होतं. डावा हात वर गेला असता.

तिने कडीवरचा हात काढला. दाराला पाठ लावून उभी राहिली आणि पाठीतून ऐकत राहिली, हसू ओसरेपर्यंत. मग जागेवर जाऊन बसली.

अर्ध्या तासाने पोरगी बाहेर आली, ओठ मिटलेले, हनुवटीवर लगद्याचा पांढरा ठिपका.

"न दिसणारी सांगितली," ती म्हणाली. "सुळा तिरकाच राहील म्हणाल्या. चालेल तुला?"

तारेने झाला असता सरळ. जिभेच्या टोकावर होतं. आईने ते तिथेच ठेवलं.

"माझ्या तोंडात थोडाच आहे तो," ती म्हणाली.

पोरीने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हनुवटीवरचा ठिपका आईला पुसायचा होता. पुसला नाही. तिने पर्समधून रुमाल काढून नुसता पुढे धरला, आणि पोरीने तो घेतला.