पे-लोझेची अठ्ठ्याऐंशी

सकाळी सहा वाजता ओदिल लाबारेरने बूच काढलं आणि सवयीप्रमाणे, चव न घेताच, जवळजवळ अख्खी बाटली रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत ओतली. अठ्ठ्याऐंशी सालच्या वाइनला पाच तास हवा लागते, हे तिच्या हातांना पाठ होतं. बाटलीच्या तळाशी उरलेला घोट तिने नंतर घेतला आणि ती तिथेच पिंपाला टेकून उभी राहिली.

ही वाइन पहिल्या घोटाला तोंड आवळायची, कच्च्या सुपारीसारखी जिभेवर बसायची. आज ती आधीच मोकळी झाली होती. आणि जुनी वाइन अशी मोकळी झाली की उघड्या हवेत तासाभरातही विझू शकते. वाइन-समीक्षक यायचा होता अकराला.

ओदिलचं पे-लोझे या द्राक्षमळ्याच्या तळघराची प्रमुख म्हणून अठ्ठ्याऐंशी हे पहिलं साल होतं. द्राक्षांची सालं दाबून शेवटी जी कडक वाइन निघते, ती तिने मुख्य वाइनमध्ये नेहमीच्या दुपटीने मिसळली. मालक आंसेल्म यांनी नको म्हटलं होतं, तिने ऐकलं नाही. पुढच्या वसंतात समीक्षक ऑबें केसाकने वीसपैकी अकरा गुण दिले आणि लिहिलं, "शाई. दौतीत भरून ठेवावी." व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. दहा वर्षांनी त्याने साडेतेरा दिले, वीस वर्षांनी पंधरा. आता आंसेल्म गेले होते आणि त्यांच्या मुलीने, अपोलीनने, तळघरातली जागा मोकळी करायचं ठरवलं होतं. आज केसाकने तोंड वाकडं केलं तर उरलेल्या नऊशे चाळीस बाटल्या एक व्यापारी उचलणार होता. लेबलं अजून लागलीच नव्हती. तो नाव छापलेली बुचं बदलून स्वतःचं नाव लावणार होता. महिनाअखेर ओदिल निवृत्त होणार होती. तिने सगळ्यांच्या विरोधात जाऊन केलेलं एकच साल, आणि तेच बिननावाचं होणार.

साडेदहाला अपोलीन खाली आली. "असा काय चेहरा केलाय, ओदिल? कुणी गेलं का?"

"जाईल. सुरईत आहे."

"मग दुसरी उघडा की! ढीग पडलाय."

"उघडलीय. पण तो सुरई बघेल आणि मागेल. त्याला चोच खुपसल्याशिवाय चैन पडत नाही."

"तर लपवा. ओतून द्या."

"एकतीस वर्षं त्या माणसाने माझी सालं काढली, तेव्हा काही लपवलं नाही. आज लपवू?"

"तुमचा हट्ट! बाबा उगीच नाही डोक्याला हात लावायचे."

केसाक ठरल्या वेळेला आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, काठीसारखा ताठ, खिशात स्वतःचा ग्लास.

"अजून इथेच का, मादाम?"

"अकरा गुण घेऊन कुठे जाणार, मस्यू केसाक?"

तो हसला नाही. ताज्या उघडलेल्या बाटलीतून त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, बादलीत थुंकला आणि बराच वेळ वहीत लिहीत राहिला. मग पेनानेच सुरईकडे खूण केली. "ती कधीची?"

"सहाची."

"पाच तास? मारलीत तिला!"

"बहुतेक," ओदिल म्हणाली आणि तिघांचे ग्लास भरले.

रंग कडेला विटकरी होता, मध्ये अजून काळसर. तिने वास घेतला: पेन्सिल तासल्यावर येतो तो, मग ओली पानं, तंबाखू, आणि त्या सगळ्याखाली रानातली काळी फळं, कालच तोडल्यासारखी. घोट घेतला. तो कडकपणा कुठे गेला नव्हता. घराला वासा असतो तसा तो आत उभा होता आणि बाकी सगळं त्याच्यावर तोललेलं होतं. गिळल्यावरही चव संपेना. ती वाट बघत राहिली, तरी संपेना.

अपोलीनने ग्लास हातात धरूनच केसाककडे मान वळवली.

केसाक बादलीकडे वाकला नव्हता. मेदोकच्या अख्ख्या वाइन-मुलखात त्याला गिळताना कुणी पाहिलं नव्हतं. त्याने गिळलं, आणि ग्लास पुढे केला.

"माझं तेव्हाचं चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "शाईच होती."

"होती," ओदिल म्हणाली.

"चाळीस वर्षं हेच काम करतोय. शाईचं असं होताना पाहिलं नाही."

"किती देणार?" अपोलीनने हळूच विचारलं.

"एकोणीस."

"वीस का नाही?"

"ही अजून वर चढतेय, मादम्वाझेल. बाटलीतली सुरेख आहे, पण पाच तास उघडी राहिलेली तिच्याही पुढे गेलीय. हिचा माथा बघायला मी नसेन." त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. तळघरात थंडी होती, तरी ती परत घातली नाही.

अपोलीन फोन घेऊन जिन्यात गेली. तिचा आवाज खाली ऐकू येत होता. "नाही, ट्रक पाठवू नका. अर्ध्याही नाही. एकही नाही. बाटल्यांवर आमचंच नाव लागणार."

ओदिलने सुरईतली उरलेली वाइन केसाकच्या आणि स्वतःच्या ग्लासात वाटली. त्या साली किती कडक वाइन ओतली होती, ते तिला आजही लिटरनिशी सांगता आलं असतं. त्यातून हे कसं झालं, ते मात्र नाही.