गावकीपुढे राणीचा जाब

मोबाईलवर नाटक शिकवता येतं असं मला कुणी दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण आमच्या संस्थेची कॉलेजं दोन, एक मुरुडला आणि एक मांडव्याकडे, आणि दोन्हीकडे मिळून नाटकाचा पेपर घेणारी मुलं बारा. बारा मुलांसाठी दोन शिक्षक कोण ठेवणार? म्हणून दर शनिवारी चार वाजता मी मुरुडला माझ्या खोलीत फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून बसतो आणि त्यातल्या बारा चौकटींना शंभर वर्षांपूर्वीचं एक संगीत नाटक शिकवतो. नाटकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक ‘वाचलंय’ म्हणतात, आणि वाचलेलं नसतं.

बारा चौकटी ही आपली म्हणायची गोष्ट. चारला बारा असतात, सव्वाचारला आठ, आणि पदं सुरू झाली की माझ्यासमोर मीच उरतो. एकाचं नेटवर्क जातं, एकीला आई हाक मारते. प्रज्योत नावाचा एक दिवटा कॅमेरा बंद करून क्रिकेट खेळायला जातो. माइक बंद करायची अक्कल नसल्याने तो कितीवर बाद झाला हेही वर्गाला कळतं.

आमच्या प्राचार्य मृणालबाई वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि आकड्यांच्या भक्त. त्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं की या शनिवारी त्या स्वतः वर्गात बसतील. दहा मुलं शेवटपर्यंत थांबली तर वर्ग चालू, नाहीतर पुढच्या महिन्यापासून बंद. बंद झाला तर मला पत्रलेखनाचा तास मिळणार होता. एकतीस वर्षं नाटक शिकवलेल्या माणसाने ‘रजेचा अर्ज कसा लिहावा’ शिकवत निवृत्त व्हायचं, या विचाराने माझं जेवणावरचं मन उडालं.

तेव्हा मी हुकमाचं पान काढलं, तिसऱ्या अंकातला दरबार. राजाला संशय येतो की गडाची चोरवाट शत्रूला राणीने दाखवली. तो भर दरबारात तिच्यावर आरोप करतो. राणी एक शब्द बोलत नाही. कंसात एवढंच छापलंय की राणी मान खाली घालून निघून जाते. या कंसावर माझं वीस मिनिटांचं व्याख्यान आहे, ‘राणीच्या मौनाचं सौंदर्य’. ते ऐकून माणसं रडली आहेत. निदान एकदा मी तरी रडलो आहे.

राजा केला कुलदीपला. तो शनिवार-रविवार दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची तिकिटं फाडतो. बोटीत गाड्या चढवताना ड्रायव्हरांवर ओरडून त्याचा आवाज मुळातच राजाचा झालेला. राणी केली आरोहीला. ती मांडव्याजवळच्या एका आगरी गावातली, मिठागरवाल्यांच्या घरातली मुलगी, वर्षभरात ‘हजर’ यापलीकडे वर्गात एक शब्द बोललेली नाही. न बोलणारीला न बोलायची भूमिका, मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

शनिवारी चारला बारा चौकटी आणि तेरावी मृणालबाईंची. प्रस्तावनेला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात मुलांच्या सात उरल्या. बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं ते मला दिसलं. मी घाईघाईने कुलदीपला खूण केली.

तो तिकिटाच्या खिडकीत उभा राहिला आणि गरजला, “चंद्रप्रभे, या गडाचा घात तू केलास. या क्षणापासून तू या राज्याची कुणी नाहीस.” मागे बोटीचा भोंगाही वाजला. तुतारीची उणीव भरून निघाली म्हणून मी खूश झालो आणि मौनाची वाट बघू लागलो.

मौन काही आलं नाही. आरोहीच्या चौकटीतून आधी चाळीसेक माणसांचा गलका आला आणि मग एक जाड आवाज, “कोन बोलला ता?”

झालं होतं ते असं. त्या गावात नेटवर्क मिळतं फक्त देवळाच्या सभामंडपात, म्हणून आरोही तासाला देवळाच्या पायरीवर बसते. रोज सकाळची आरती तिच्याच फोनवरून देवळाच्या स्पीकरवर लागते. त्या दिवशी कुणीतरी स्पीकर चालू केला आणि फोनने सवयीने ब्लूटूथवर तो आपण होऊन धरला. नेमकी तेव्हाच मंडपात गावकी, म्हणजे सगळ्या गावाची बैठक, बसली होती. विहिरीच्या पंपावरून दोन तास वाद चाललेला, आणि एकदम देवाच्या बाजूने आवाज आला की घात तू केलास.

गावकीची रीत अशी की बैठक चालू असताना कुणावर आरोप झाला, तर दुसरे विषय बाजूला ठेवून आधी त्याची तड लावायची. गावकीचे प्रमुख अंबाजी. त्यांनी विचारलं की हा आरोप कुणावर आहे. आरोही गांगरली आणि खरं तेच बोलून गेली. म्हणाली, माझ्यावर.

मग अंबाजींनी फोन हातात घेतला. चौकटीत मला एक पांढरी मिशी आणि अर्धा कान दिसत होता. मी त्या कानाला समजावलं की हे नाटक आहे, अभ्यासक्रमात आहे, राजा दिघीला तिकिटं फाडतो. मिशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“नाटक हाय ता मना कलला,” अंबाजी म्हणाले. “पन आरोप गावकीत झालाय. जाब बी गावकीतच व्हनार.”

एवढ्यात कुणीतरी मुलांच्या ग्रुपवर टाकलं की सरांवर गावकी बसली आहे. सातच्या नऊ चौकटी झाल्या, नऊच्या बारा. प्रज्योत बॅटीसकट आला. माझी विटंबना बघायला मुलं अशी धावत येतात हे आधी माहीत असतं, तर मी वर्षभर तीच केली असती. मृणालबाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना.

गावकीने कुलदीपला आरोप पुन्हा करायला लावला. या वेळी त्याचा आवाज अर्ध्यावर आला होता. मग मनुबाई पुढे आली, आयुष्यभर मिठागरात राबलेली म्हातारी. तिने फोनला तोंड लावून विचारलं की आता पोरीने काय बोलायचं ते सांगा. मी म्हटलं, तिला वाक्य नाही. तेच तर सौंदर्य आहे. आणि सवयीने माझं व्याख्यान सुरू झालं.

दोन मिनिटं मनुबाईने सोसलं. मग म्हणाली, “बाईवर आरोप आला नि ती गप गेली, ता सुंदर? कुनाला सुंदर, सर?”

अंबाजींनी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे शिकवता, तर राणीचं काय म्हणणं आहे हे तुम्ही कधी विचारलंत का? समोर प्राचार्य बसलेल्या. पाठ्यपुस्तकच चुकलं म्हणावं तर माझा वर्ग गेला, बरोबर आहे म्हणावं तर त्या म्हातारीच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं होणार. खरं सांगतो, मला लाज वाटली. राणी मान खाली घालून गेली की मी दरवर्षी डोळे पुसायचो आणि पान उलटायचो.

“नाही विचारलं,” मी म्हटलं. “एकतीस वर्षांत एकदाही नाही. चूक माझी.”

मंडपात थोडी चुळबुळ झाली. मग अंबाजी आरोहीला म्हणाले की पुस्तकात नसेल तर नसेल, गावकीत दोन्ही बाजू ऐकतात, तुझं बोल. फोन तिच्या हातात गेला. ती पायरीवर उभी राहिली. पहिलं वाक्य तिने नाटकातल्या भाषेत बोलायला घेतलं आणि मग ते सोडून दिलं.

“महाराज, वाट मी नाय दाखवली. पन तुमी मना इचारलाच नाय. एकदम दरबारात सांगितलाव. मी आता खाली मान घालून जानार नाय. माझा काय चुकला नाय. तुमाला बघवत नसंल त तुमी उठा.”

मी वर्षभर ज्या मुलीची फक्त हजेरी घेतली होती, तिच्याकडे बघत राहिलो. आता राणीच्या जाण्याआधीचं राजाचं वाक्य होतं, ‘न्या हिला.’ दोनच शब्द. कुलदीप पुस्तकात बघत होता, तिकिटाच्या खिडकीवर लोक नाणी वाजवत होते.

“सर,” तो म्हणाला, “आता मला हे बोलता येत नाही.”

अंबाजींनी मंडपातल्या चार जणांशी कुजबुज केली आणि निकाल दिला. राजाकडे उत्तर नाही, सबब त्याला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत. दोन्ही पक्ष, सर आणि वर्गातली सगळी पोरं साक्षीला हजर पाहिजेत.

मृणालबाईंनी प्रथमच माइक चालू केला. या वर्गाचा निर्णय अजून व्हायचा आहे, असं त्या सांगू लागल्या. अंबाजींनी त्यांना आदराने पुरतं बोलू दिलं.

“बाय, गावकीनं मुदत दिली हाय. निकाल व्हईस्तवर वर्ग बंद करता येनार नाय.”

बाईंचं माहेर जवळच्याच रेवदंड्याचं, म्हणजे गावकीच्याच मुलखातलं. गावकीने दिलेली तारीख मोडली तर सगळं गाव कशी पाठ फिरवतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी हातातला कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “बरं. शनिवारी चार.”

मंडपात पुन्हा पंपाचा वाद सुरू झाला, पण मुलं चौकटी सोडून जाईनात. कुलदीपने विचारलं की शनिवारी त्याने काय बोलायचं, पुस्तकात तर काहीच नाही. मी पुढची पानं चाळली. राजा पुढे पस्तावतो, दोन पदं गातो, पण राणीच्या तोंडावर उत्तर असं कुठेच देत नाही.

“मलाही माहीत नाही रे,” मी म्हटलं. “सगळे मिळून शोधू.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पुढचं वाक्य मला ठाऊक नव्हतं, आणि शनिवार कधी येतो असं मला झालं होतं.