नोमीरेस

कडेगावचा जोतीराम आणि त्याच्याच भावकीतला लालासाहेब एका पलटणीत होते. १९४४ च्या मार्चात दोघं फ्रान्समधल्या जर्मनांच्या कैदेतून पळाले आणि डोंगर ओलांडून स्पेनच्या अंगाला उतरू लागले. पोटरीएवढं बर्फ होतं. खिंडीत लालासाहेब खालीच बसला.

"तू हो फुडं. जरा दम घिऊन येतो."

जोतीरामनं त्याला दोनदा उठवून उभं केलं, दोन्ही वेळा तो बसला. शेवटी माणसं आणायला जोतीराम एकटाच निघाला.

भर दुपारी अंधारून आलं. खाली दगडी घरं दिसली. वेशीपाशी एक म्हातारी लाकडं वेचत होती. तो तिच्याजवळ पोचतोय तोच मागून हाक आली, "जोत्या! थांब की रं गड्या!"

आवाज लालाचाच. बर्फावर पावलंही वाजत होती, अगदी पाठीशी. जोतीराम हरखून वळणार, एवढ्यात म्हातारीनं लाकडं टाकून दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. "नो मीरेस, नो मीरेस," ती म्हणत राहिली. डोळे तिनं गच्च मिटले होते. तसंच ओढत तिनं त्याला घरात नेलं आणि दाराला अडसर घातला. बाहेर हाका चालूच होत्या. मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी गावच्या माणसांनी लालाला खाली आणलं. तो खिंडीतच, बसल्या जागी गोठला होता.

पुढं इंग्रजांच्या कचेरीतल्या दुभाष्यानं उलगडा केला. "नोमीरेस हे त्या गावाचंच नाव. म्हणजे, बघू नकोस. खिंडीत मेलेला माणूस सोबत्याला हाका मारत खाली येतो, आणि जो वळून बघतो त्याला घेऊन जातो, असं तिथले धनगर मानायचे. त्यांनीच हे नाव ठेवलं."

लढाई संपल्यावर जोतीराम कडेगावात आला तो थेट लालाच्या आईकडे, मनुबाईकडे गेला. त्यानं सगळं सांगितलं, हाकांसकट.

"आवाज त्योच हुता?"

"व्हय, काकी."

"आन् तू बघितलं न्हाईस?"

"न्हाई."

"बरं केलंस," मनुबाई म्हणाली. "तू तुज्या आयचा एकलाच हायस." तिनं त्याला भाकरी वाढली, त्याचं जेवण होईस्तोवर समोर बसली.

त्यानंतर मात्र ती त्याच्याशी कधीच बोलली नाही. जोतीरामनंही तिला कधी बोल लावला नाही.