न मोजलेला कळप

घोडीच्या पाठीवरच्या वाकळांची गाठ आवळताना चंदाने एक पाय तिच्या कुशीला लावला आणि दोरी अशी ओढली, की घोडीच दोन पावलं तिच्याकडे सरकली. चुलीतला विस्तव विझवत बसलेली भिवराबाई ते बघून हसली. परभणीच्या होस्टेलात राहून लेकीचे हात मऊ पडले असतील ही तिची धास्ती तेवढ्या एका हिसक्यात गेली.

दिवाळी सरली की तिच्या वडिलांच्या, दत्तरावांच्या मेंढ्या राणीसावरगावजवळच्या वाडीवरून निघत आणि गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काठाला उतरत. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानांत रात्री मेंढ्या बसवायच्या, रानाला खत मिळायचं आणि रानाचा मालक ज्वारी घालायचा. चंदाचं लहानपण या वाटेवर गेलं होतं. मग ती बारावी झाली, नर्सिंगला लागली आणि वाट सुटली. आज ती पुन्हा निघाली होती आणि पहाटेपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

काल दुपारी, प्रात्यक्षिकात तिसऱ्यांदा नापास झाल्याचं कळलं, तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. मैत्रिणींनी तशी तयारीही ठेवली होती. एकीने पाण्याचा ग्लास भरून धरला होता. चंदाने ते पाणी पिऊन टाकलं, पेटी भरली आणि एसटीत बसली. शाळेच्या नियमाने अजून एक संधी होती, शेवटची, येत्या सोमवारी. पण ती घ्यायची की नाही हे आपल्याच हातात आहे, असं बसच्या खिडकीशी तिच्या ध्यानात आलं आणि ती एकटीच हसली. सोमवारी आपण गंगेच्या काठावर असू, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

निरोप द्यायला शेजारची मालनबाई आली, तिने आता कायमची आलीस का म्हणून विचारलं. चंदा हो म्हणाली. मालनबाईने लगेच भिवराबाईकडे बघितलं आणि जालन्याकडचा एक मुलगा आपल्या नात्यात असल्याचं सांगून टाकलं. दत्तराव मात्र नापास होण्याबद्दल अजून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी लेकीसाठी नवी काठी तासून ठेवली होती, ती तिच्या हातात दिली आणि कळपाला हाक घातली.

ती नापास का होत होती, हे चंदाने कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. लेखी परीक्षेत ती चांगल्या मुलींत असायची. गाडं अडायचं ते नाडीवर. आजारी माणसाचं मनगट हातात आलं की ठोका बोटांना लागायचा, चांगला लागायचा. पण मोजायला 'एक' म्हटलं की मन आखडायचं. दत्तरावांच्या घरात जित्राब मोजत नसत. मोजलं की घटतं, हे तिने चालायला लागायच्या आधी ऐकलं होतं. सरकारी माणूस गणतीला आला तरी दत्तराव 'हायत देवाच्या दयेनं' एवढंच सांगत, चहा पाजत आणि त्याला वाटेला लावत. कळपातलं कोण मागे राहिलं हे ते नुसतं बघून ओळखत, मग आकडा हवा कशाला?

माणसाचे ठोके म्हणजे मेंढ्या नव्हेत, एवढं चंदाला कळत होतं. मैत्रिणींची नाडी ती हसतखेळत मोजायची. पण समोर खरंच आजारी, घाबरलेलं माणूस असलं, की आपण मोजू तसतसे याचे ठोके कमी होतील असं तिला वाटायचं. मग मिनिटभर मनगट धरून ती अंदाजाने एक आकडा ठोकून द्यायची. परीक्षक बाई दुसरं मनगट धरून बसलेल्या असत. पहिल्या वेळी त्यांनी समजावलं, दुसऱ्या वेळी त्या रागावल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त विचारलं, की रात्रीच्या पाळीला येणाऱ्या मुलीला तू काय सांगणार? चंदाने हातातलं मनगट चादरीवर ठेवलं.

आता त्या बाई परभणीत होत्या आणि चंदा माळावर. ती कळपाच्या मागे धावत होती, पुढे धावत होती, कारण नसताना आरोळ्या ठोकत होती. पावसाळ्यात झालेली कोकरं तिने पहिल्यांदाच बघितली. एकाला उचलून घेतलं तर त्याने तिची ओढणी चघळून ठेवली. दुपारी भाकर खाताना तिने आईला सांगून टाकलं, की माणसाने खाटा मांडलेल्या खोलीत राहूच नये. भिवराबाईने लेकीच्या भाकरीवर ठेचा जरा जास्तच वाढला.

डांबरी सडकेला लागेपर्यंत सगळं असंच चाललं होतं. तिथे उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या मागे, आणि ड्रायव्हरने गाणं असं लावलेलं की सडक हादरावी. मेंढ्या उधळल्या. पुढच्या वळल्या, मागच्या त्यांच्यावर चढल्या आणि बघता बघता सगळा कळप बाजूच्या तुरीत शिरला. तूर डोक्याइतकी वाढलेली. आत गेलेलं जनावर दिसायचं नाव नाही, नुसते शेंडे हलत होते. चंदाने काठी टाकली आणि आत उडी घेतली. तुरीचे फटकारे तोंडावर बसत होते, कुत्रं भुंकत होतं, भिवराबाई बांधावरून हातवारे करत होती. चंदा दोन दोन मेंढ्या कानांना धरून बाहेर काढत होती आणि हसत होती. असं हसून तिला फार दिवस झाले होते.

ऊन उतरलं तेव्हा कळप एकदाचा गोळा झाला. पलीकडच्या रानाचे मालक किशनराव ओळखीचे होते, त्यांनी तिथेच मुक्काम करायला सांगितलं. वाघर लागली, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी खुंट्यांवर ताणून झाली. दत्तराव जाळीशी उभे राहिले आणि नेहमीसारखे कळपाकडे बघत राहिले. बघतच राहिले.

"चंदे, सगळ्या हायत का गं?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कोणाला विचारलेला नव्हता. चंदा जवळ गेली. तिनेही बघितलं. काळ्या, तांबूस, पांढऱ्या पाठी एकमेकींत दाटल्या होत्या. तीन वर्षांत निम्मा कळप बदलला होता.

"मला कसं कळंल, आबा? निम्म्या तं मी आजच बघायलेय. सकाळी किती होत्या?"

तोंडातून निघून गेल्यावर तिला आपण काय विचारलं ते कळलं. भिवराबाई पीठ मळता मळता थांबली. सकाळी किती होत्या, हे तिघांपैकी कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

इतक्यात किशनराव मोटरसायकलवरून आले. टाकीवर एक मेंढी आडवी घातलेली. तुरीच्या पार टोकाला सापडली, तुमचीच ना, असं त्यांनी विचारलं. दत्तरावांनी मेंढीला हातात घेतलं, पण तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यांनी तिचे कान चाचपले, खुणेसाठी कापलेला कोपरा अंगठ्याला लागला, मग आमचीच म्हणाले. आता साऱ्या झाल्या का, असं किशनरावांनी सहज विचारलं. दत्तराव म्हणाले, हायत देवाच्या दयेनं. पण ते जमिनीकडे बघून म्हणाले.

किशनराव गेल्यावर चंदा वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड मावळतीकडे वळवलं. लेकीने बापाची हनुवटी धरायची त्या घरात रीत नव्हती, पण दत्तरावांनी धरू दिली. दोन्ही बुबुळांत राखाडी साय धरली होती. असे डोळे तिने वॉर्डात कितीतरी बघितले होते. ऑपरेशन करून चष्मा लावून घरी जाताना ती माणसं वाटेतल्या पाट्या मोठमोठ्याने वाचत जात.

"कधीपासून?"

"आखाडापासून धुरकट दिसायलंय जरा." दत्तरावांनी मेंढी जाळीत सोडली. "तू नापास झालीस तं मला बरं वाटलं, चंदे. खोटं कामून बोलू? म्हनलं, देवानं माझे डोळे माघारी धाडले."

चंदाला राग यायला हवा होता. तो आला नाही. आपण कोणाला तरी इतके हवे होतो, याचा तिला लाज वाटावी असा आनंद झाला. पण तिचे डोळे त्यांच्या उपयोगाचे नव्हते, हे तिने आत्ताच बघितलं होतं. कळप तोंडओळखीने ओळखायला तिला वर्ष लागलं असतं; आणि तिच्या जागी उद्या आणखी कोणी आलं, तर त्यालाही. आकडा मागून येणाऱ्यासाठी असतो, हे परीक्षक बाईंना सांगता आलं नव्हतं ते आता तिच्या जिभेवर होतं आणि ऐकायला बाई इथे नव्हत्या.

"आबा, मोजू का?"

मग दत्तरावांनी कमरेची पिशवी सोडली, भंडाऱ्याची चिमूट घेतली आणि कळपावर उधळली.

"मोज. मोठ्यानं मोज. मला ऐकू येऊ दे."

चंदाने जाळीचं एक तोंड उघडलं. भिवराबाई मागून एकेक मेंढी हाकत होती आणि चंदा बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत होती. 'एक' ओठांतच राहिलं. 'दोन' पुटपुटल्यासारखं निघालं. तिसरी मेंढी धडक मारून गेली, त्या धक्क्याने आकडा आपोआप बाहेर पडला आणि मग आवाज सुटला. पन्नास झाले, शंभर झाले. तिच्या बोटांखाली उबदार, धडधडणाऱ्या पाठी जात होत्या आणि एकही कमी होत नव्हती. तिला नाचावंसं वाटत होतं. दत्तराव डोळे मिटून ऐकत होते, त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"एकशे चव्वेचाळीस."

"विशात सांग."

"सात विसा न् चार."

दत्तरावांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. काही घडलं नाही. एक मेंढी शिंकली, एवढंच. आज वाटेत किती गेल्या, हे आता कधीच कळणार नाही, असं ते म्हणाले. पण हे दुःखाने नाही, शोध लागल्यासारखं म्हणाले. त्या रात्री चंदाला झोप लागली ती थेट उजाडेपर्यंत.

सकाळी दत्तरावांनी बायकोला जाळीच्या तोंडाशी उभं केलं आणि आज तू मोज म्हणून सांगितलं. भिवराबाईला वीसपर्यंत येत होतं. तिने तोड काढली: वीस झाले की एक खडा पदरात टाकायचा. तिसरा खडा टाकताना बोकडाने मध्येच उडी मारली आणि सगळा घोटाळा झाला. भिवराबाईने मेंढ्या परत आत हाकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून लागली. दुसऱ्यांदा खडाच पदरातून निसटला. तिसऱ्यांदा तिला आपणच हसू आलं आणि ती आकडा विसरली. कपाळावरचा घाम पुसत तिने मेंढ्या पुन्हा आत घेतल्या. तिचं तोंड लग्नघरातल्या बाईसारखं फुललं होतं आणि चुकल्याची खंत त्यावर कुठेच नव्हती. चंदा तिच्याकडे बघत राहिली.

दत्तराव लेकीजवळ येऊन बसले.

"आता आकडा हाय माझ्याजवळ. मोजायला तुझी माय हाय. तुला यायचं तं ये, मला लय आनंद हाय. न्हाई तं जा. माझ्या डोळ्यापायी थांबू नको."

चंदाने तुरीत फाटलेल्या ओढणीला गाठ मारली, चपलेतली माती झटकली. भिवराबाईने जाळीचं तोंड चौथ्यांदा उघडलं. पहिली मेंढी बाहेर आली, मग दुसरी. सडकेवर दूर कुठेतरी एसटीचा आवाज आला.

"आबा, परभणीची गाडी इथं थांबती का?"

"गप गं," भिवराबाई पुढच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली, "मोजायलेय मी."